वीजवाहक पॉलिमरची फिल्म घडवताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘कंडक्टिंग पॉलिमर’ हा विषय घेणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: जास्तीत जास्त वाहकता कशी मिळवायची? माझं सांगणं असं, की हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवा. तांब्याची वाहकता सुमारे सहा लाख सीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, साध्या बीकरमध्ये केलेल्या पॉलिअ‍ॅनिलीनच्या फिल्मची वाहकता दहाच्या आसपास आली तरी ती चांगली म्हणायची. म्हणजे साठ हजार पटींचा फरक. ही फिल्म तारेची जागा घ्यायला आलेलीच नाही.

तिचं मोल वेगळ्या कारणासाठी आहे. ती बदलते. आम्ल लागलं की एक रंग, अमोनिया लागला की दुसरा. व्होल्टेज थोडं वरखाली केलं की तिसरा. रंगाबरोबर तिचा विद्युतरोधही बदलतो, आणि तो मोजता येतो. तांबं असं काही करत नाही. म्हणून फिल्म करायला घेण्याआधी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: या फिल्मने कशाला प्रतिसाद द्यायला हवा, किंवा कशाला देता कामा नये? वायुसंवेदकासाठी केलेली फिल्म हळवी असायला हवी, तर सौरघटातला थर स्थिर राहायला हवा. पॉलिमर कोणतं, पद्धत कोणती, जाडी किती, हे सगळं या उत्तरावरून ठरतं. उत्तर नसेल तर तुम्ही नुसती हिरवी काच तयार कराल.

वीज वाहते कशी, हे थोडक्यात. या पॉलिमरांच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना साखळीभर पसरायला वाव मिळतो. पण तेवढ्याने भागत नाही. साखळीवर विद्युतप्रभार यावा लागतो आणि तो सांभाळायला शेजारी विरुद्ध प्रभाराचा आयन लागतो. या क्रियेला डोपिंग म्हणतात. हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी १९७७ साली पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या फिल्मला आयोडीन वगैरे हॅलोजनांची वाफ देऊन तिची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. या कथेची सुरुवात मुळात फिल्मपासून झाली होती. टोकियोतल्या शिराकावांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी द्रवाच्या पृष्ठभागावर चकचकीत पापुद्रा जमला. भुकटीवर त्यांनी नंतर केली तशी मोजमापं करणं कठीण झालं असतं.

मात्र पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे आपल्या कामाचं नाही. आपल्यासमोर तीन नावं असतात: पॉलिअ‍ॅनिलीन, पॉलिपायरोल आणि पेडॉट. यांतलं पॉलिअ‍ॅनिलीन सर्वांत जुनं. लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी १८६२ साली अ‍ॅनिलीनच्या आम्लधर्मी द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर गडद निळा-हिरवा थर बसला होता. नवख्याने सुरुवात यानेच करावी असं माझं ठाम मत आहे. साहित्य कुठल्याही रसायनविक्रेत्याकडे मिळतं, यंत्रसामग्री जवळपास लागत नाही, आणि चूक झाली तर ती रंगावरून लगेच दिसते.

बीकरमधली फिल्म

आधी सुरक्षितता, कारण इथे हलगर्जी चालत नाही. अ‍ॅनिलीन विषारी आहे. ते त्वचेतून शोषलं जातं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतं. ओठ आणि नखं निळसर पडणं ही त्याची खूण, आणि ती दिसली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जायचं. कर्करोगाचा धोकाही या रसायनाशी जोडला गेला आहे. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि चालू फ्यूम हूड या तिन्हींशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. अमोनियम परसल्फेट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. त्याची धूळ श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास होतो. ते कागद, कापूस किंवा सॉल्व्हंटच्या शेजारी ठेवू नका. घरच्या ओट्यावर करून बघण्याचा हा प्रयोग नाही. शाळकरी मुलांना दाखवायचा असेल तर शिक्षकाने प्रयोगशाळेत करावा आणि मुलांनी लांबून बघावा.

कृतीसाठी मी आयुपॅकने २००२ साली प्रसिद्ध केलेला तांत्रिक अहवाल वापरायला सांगतो. प्रागचे यारोस्लाव स्तेयस्कल आणि त्यांचे सहलेखक आर. जी. गिल्बर्ट यांनी तो लिहिला आहे. त्यातली मापं अशी: अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइड २.५९ ग्रॅम, म्हणजे २० मिलिमोल, पाण्यात विरघळवून ५० मिलिलिटर करायचं. अमोनियम परसल्फेट ५.७१ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिमोल, वेगळ्या पाण्यात विरघळवून तेही ५० मिलिलिटर करायचं. दोन्ही द्रावणं तासभर खोलीच्या तपमानाला ठेवायची आणि मग एकत्र करून थोडंसं ढवळायचं. द्रव अ‍ॅनिलीनऐवजी हायड्रोक्लोराइड घेण्याचा फायदा असा, की ते घनरूप असतं, उडत नाही आणि वजन करायला सोपं जातं. विषारी तेही आहेच, त्यामुळे हातमोजे काढायचे नाहीत. तुमच्याकडे द्रव अ‍ॅनिलीनच असेल आणि ते तपकिरी झालं असेल तर ऊर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नका. तपकिरी रंग म्हणजे त्याचं आधीच ऑक्सिडीकरण झालेलं असतं.

फिल्म चांगली होणार की नाही, हे बऱ्याच अंशी द्रावणं एकत्र करण्याआधीच ठरतं, कारण ते काचेच्या स्वच्छतेवर अवलंबून असतं. स्लाइड साबणाच्या पाण्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा, मग ऊर्ध्वपातित पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने खळाळून घ्या. नंतर पुन्हा एकदा पाण्यात बुडवून उभी धरा. पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. ते थेंबाथेंबांत तुटलं तर कुठेतरी बोटांचं तेल राहिलं आहे, परत धुवा. यानंतर स्लाइड फक्त कडेने, चिमट्याने धरायची. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं स्वच्छता-द्रावण काही ठिकाणी वापरतात. पदव्युत्तर प्रकल्पात त्याची गरज नाही. त्याचे स्फोट झालेले आहेत, आणि त्याशिवायही काच पुरेशी स्वच्छ होते.

आता बीकरकडे लक्ष द्या. दोन्ही द्रावणं मिसळल्यावर सुरुवातीला काहीच घडत नाही आणि मुलांना वाटतं, माप चुकलं. थांबा. आधी हलकी निळी छटा येते, ती गडद होत शाईसारखी निळी होते, बीकर हाताला कोमट लागतो आणि मग निळ्यातून हिरवं उमटायला लागतं. निळ्या टप्प्यावर साखळी जास्त ऑक्सिडीकृत अवस्थेत असते. ती उरलेल्या अ‍ॅनिलीनशी क्रिया करून हिरव्या, वाहक अवस्थेत येते. या वेळी द्रावणात थर्मामीटर ठेवा आणि दर मिनिटाला वाचन लिहा. तपमान आधी स्थिर राहतं, मग झपाट्याने चढतं आणि उतरायला लागतं. उतार लागला की मुख्य क्रिया संपली. उन्हाळ्यात हे काही मिनिटांत होतं, बर्फात बीकर ठेवला तर बराच वेळ लागतो. क्रिया उष्णता सोडते, म्हणून माप दहापट करून एकदम लिटरभर द्रावण करायच्या फंदात पडू नका.

पॉलिमर द्रावणात तयार होतं तसंच ते द्रावणात बुडालेल्या प्रत्येक पृष्ठभागावरही धरतं, घागरीच्या आतून क्षारांचा थर धरतो तसं. आपल्याला हवी असलेली फिल्म तीच. स्लाइड द्रावणं मिसळण्याआधी किंवा मिसळताक्षणी आत गेली पाहिजे. ती आडवी टाकू नका, उभी टांगा. आडव्या काचेवर गाळ बसतो आणि फिल्म खरखरीत होते. हिरवा रंग पक्का झाला की काच बाहेर काढा आणि सुकू न देता लगेच ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. नुसत्या पाण्याने धुवायचा मोह टाळा. पाण्याने आम्ल निघून जातं, डोपिंग उतरतं आणि मोजमाप करण्याआधीच वाहकता घसरते. धुतलेली काच उभी ठेवून हवेत सुकू द्या. फिल्म दोन्ही बाजूंना धरलेली असते. एक बाजू ओल्या कापसाने पुसून टाकता येते.

या कृतीने येणारी फिल्म सुमारे सव्वाशे नॅनोमीटर जाडीची असते. ती पारदर्शक, हिरवी आणि काचेला चांगली चिकटलेली हवी. जाडी वाढवायची असेल तर तीच काच ताज्या मिश्रणात पुन्हा बुडवा. जुन्या मिश्रणात तासन्‌तास ठेवून जाडी वाढत नाही, फक्त गाळ चिकटतो. चिकटपण तपासायला साधी सेलोटेप लावून उपटून बघा. टेपवर हिरवं आलं तर पुन्हा काचेच्या स्वच्छतेकडे वळायचं.

विजेने बसवलेला थर आणि बाटलीतून आलेला थर

धातूवर, ग्रॅफाइटवर किंवा वाहक काचेवर फिल्म हवी असेल आणि जाडीवर नेमका ताबा हवा असेल तर विद्युतरासायनिक पद्धत घ्या. तीन इलेक्ट्रोड लागतात: ज्यावर थर बसवायचा तो, प्लॅटिनमचा किंवा ग्रॅफाइटचा जोडीदार, आणि संदर्भ इलेक्ट्रोड. अ‍ॅनिलीन ०.१ मोलर आणि सल्फ्युरिक आम्ल ०.५ ते १ मोलर घेऊन चांदी-सिल्व्हर क्लोराइड संदर्भाच्या तुलनेत उणे ०.२ ते अधिक ०.८ किंवा ०.९ व्होल्ट अशा फेऱ्या द्यायच्या, वेग सेकंदाला ५० मिलिव्होल्ट. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडं वर जावं लागतं, कारण पृष्ठभागावर सुरुवातीचे कण धरायला जोर लागतो. एकदा थर दिसू लागला की वरची मर्यादा खाली आणा. मुलं इथे उतावीळ होतात. व्होल्टेज वाढवलं की थर लवकर जाड होतो असं त्यांना वाटतं. थर जाड होतो हे खरं, पण अतिऑक्सिडीकरणाने साखळ्या तुटतात आणि बिघडलेली फिल्म मागे आणता येत नाही. प्रत्येक फेरीत विद्युतप्रवाहाची शिखरं थोडी थोडी उंचावत गेली तर काम ठीक चाललं आहे.

आम्ल टाळायचं असेल तर पॉलिपायरोलकडे वळा. ते पाण्यात, जवळपास उदासीन द्रावणातही बसतं. टोल्युइनसल्फोनेटसारखा मोठा आयन डोपंट म्हणून घेतला तर फिल्म लवचीक होते, आणि स्टेनलेस स्टीलवरून कधी कधी अख्खी सोलूनही निघते. पायरोल मात्र प्रकाशात आणि हवेत काळवंडतं. ते ताजं ऊर्ध्वपातन करून, गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रिज अर्थात रसायनांचा. ज्यात डबे ठेवतात तो नव्हे.

पेडॉट आपण स्वतः करत नाही, ते पीएसएस या आम्लधर्मी पॉलिमरबरोबर पाण्यात विखुरलेल्या गडद निळ्या द्रवाच्या रूपात विकत मिळतं. जर्मनीतल्या बायर कंपनीच्या संशोधकांनी ते पुढे आणलं आणि त्याचा पहिला मोठा वापर झाला छायाचित्रणाच्या फिल्मवर, स्थिर विद्युत साठू नये म्हणून. बाटली थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा गोठलं की कण एकमेकांना धरतात आणि ते पुन्हा नीट पसरत नाहीत. वापरण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. काचेवर थेंब टाकून मिनिटाला तीनेक हजार फेऱ्यांनी फिरवा आणि १२० ते १४० अंश सेल्सियसला दहा-पंधरा मिनिटं भाजा. स्पिन कोटर नसेल तर संगणकाच्या पंख्यावर काच धरण्याची बैठक बसवून कामचलाऊ यंत्र होतं. वर झाकण मात्र हवंच, कारण सुटलेली काच डोळ्यावर येते.

पेडॉटची एक खुबी आवर्जून करून बघण्यासारखी आहे. मूळ द्रवाची नुसती फिल्म घातली तर वाहकता एक सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्याही खाली असते. त्याच द्रवात पाच टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा एथिलीन ग्लायकॉल घातलं तर, योग्य दर्जाच्या द्रवात, ती काहीशे सीमेन्सवर जाते. नवा डोपंट घातलेला नसतो. साखळ्यांची मांडणी बदलते आणि वीज न वाहणारं जादा पीएसएस वेगळं होतं. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने धुऊन तीन हजारांच्या वर वाहकता गेल्याचे संशोधनलेख आहेत. मात्र लवचीक प्लॅस्टिकवर काम करणाऱ्याला तो मार्ग उपयोगी नाही. पेडॉटचा द्रव स्वतःही चांगलाच आम्लधर्मी असतो आणि खालच्या इंडियम टिन ऑक्साइडच्या थराला हळूहळू खातो, हे सौरघटाचा प्रकल्प करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मोजमाप

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या भागाची. फिल्म छान होते आणि आकडा चुकीचा छापला जातो, असं फार वेळा घडतं.

मल्टिमीटरच्या दोन टोकांनी मोजलेला रोध हा फिल्मचा रोध नसतो. त्यात टोक आणि फिल्म यांच्यातला संपर्करोध मिसळलेला असतो आणि तो टोक किती दाबलं यावर बदलतो. फिल्म वीज वाहते की नाही, एवढं बघायला मल्टिमीटर पुरे. वाहकतेसाठी चार टोकांची पद्धत हवी: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांत व्होल्टेज मोजायचं. पदार्थविज्ञान विभागात जर्मेनियमच्या प्रयोगासाठी फोर-प्रोबचा संच बहुतेक कॉलेजांत असतो. तो चालतो, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, जर्नलमध्ये लिहिलेलं सूत्र त्या जाड स्फटिकासाठी आहे, ते जसंच्या तसं उतरवू नका. फिल्मची जाडी टोकांमधल्या अंतरापेक्षा अतिशय कमी असते, म्हणून इथे पृष्ठरोध म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३२. दोन, त्या संचाची अणकुचीदार टोकं मऊ फिल्मला भोकं पाडतात. सिल्व्हर पेस्टचे चार बारीक, समान अंतरावरचे ठिपके देऊन त्यांवर टोकं टेकवली तर फिल्म वाचते.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. फिल्मची जाडी १२५ नॅनोमीटर, सोडलेला प्रवाह १० मायक्रोअँपिअर, मिळालेलं व्होल्टेज १७.६५ मिलिव्होल्ट. भागाकार १७६५ ओहम. त्याला ४.५३२ ने गुणलं की पृष्ठरोध सुमारे ८००० ओहम प्रति चौरस. जाडी सेंटिमीटरमध्ये ०.००००१२५, तिने गुणलं की विशिष्ट रोध ०.१ ओहम-सेंटिमीटर, आणि त्याचा व्यस्त म्हणजे वाहकता १० सीमेन्स प्रति सेंटिमीटर. गणित सोपं आहे, पण जाडीचा आकडा दुप्पट चुकला तर वाहकताही दुप्पट चुकते. शिवाय ४.५३२ हा गुणक पुष्कळ मोठ्या फिल्मसाठी आहे. २५ मिलिमीटर रुंदीच्या स्लाइडवर टोकं दोन-दोन मिलिमीटर अंतरावर असतील तर पृष्ठरोध काही टक्क्यांनी जास्त येतो. त्यासाठीच्या दुरुस्तीच्या सारण्या उपलब्ध आहेत, त्या वापरा.

जाडी कशी काढायची? वजनावरून काढू असं बरेच जण म्हणतात. हिशोब करून बघा. ७५ बाय २५ मिलिमीटरच्या स्लाइडच्या एका बाजूवर १२५ नॅनोमीटरचा थर असेल आणि पॉलिअ‍ॅनिलीनची घनता १.३३ धरली, तर त्याचं वजन भरतं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूला ते दिसणारच नाही, आणि चार दशांश स्थळांच्या तराजूवरही त्यातली चूक फार मोठी. फिल्मवर सुईने ओरखडा काढून प्रोफाइलोमीटरवर पायरी मोजणं हा सरळ मार्ग. आपल्या कॉलेजात ते नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात विचारा. आयआयटी मुंबईतलं ‘सैफ’ केंद्र बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर काम करण्याची जुनी परंपरा आहे. मार्गदर्शकाचं पत्र जोडून वेळेत अर्ज करा, सबमिशनच्या आठवड्यात नव्हे. जाडी मोजलीच नसेल तर प्रबंधात फक्त पृष्ठरोध द्या. पुस्तकातली जाडी उचलून वाहकता छापणं ही फसवणूक आहे.

एका फिल्मवर किमान तीन ठिकाणी आणि एकाच कृतीच्या किमान तीन फिल्मांवर मोजा. वर सांगितलेल्या आयुपॅकच्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतल्या पाच संस्थांतल्या आठ जणांनी हीच कृती केली. ५९ नमुन्यांच्या पॉलिअ‍ॅनिलीनची सरासरी वाहकता आली ४.४ आणि विचलन १.७. हे आकडे भुकटी दाबून केलेल्या गोळ्यांचे आहेत, फिल्मचे नाहीत. तरी सरावलेल्या हातांनी, तंतोतंत त्याच मापांनी इतका फरक पडत असेल, तर एका फिल्मच्या एका वाचनावरून ‘आमची पद्धत सरस’ असं कुणालाही म्हणता येत नाही.

उपयोगाला लावताना

पॉलिअ‍ॅनिलीनचा गुण डोळ्यांनी पाहायचा तर हे करा. फिल्मवर एक सेंटिमीटर अंतराने सिल्व्हर पेस्टच्या दोन रेघा ओढा, त्यांना मल्टिमीटर जोडा आणि फ्यूम हूडमध्ये फिल्मजवळ अमोनियाच्या पातळ द्रावणाची उघडी बाटली आणा. आकडा चढायला लागतो. वाफ जास्त लागली तर हिरवी फिल्म निळी पडते आणि मीटर पट्टीच्या बाहेर जातो. अमोनियाने साखळीवरचे प्रोटॉन काढून घेतलेले असतात. आता तीच काच विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा. निळ्यावर पुन्हा हिरवं पसरतं आणि रोध खाली येतो. इथे मल्टिमीटर चालतो, कारण आपण फक्त बदल बघतो आहोत.

बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहं अमोनियावर चालतात, त्यामुळे गळती ओळखणारा स्वस्त संवेदक आपल्या किनारपट्टीवर नक्कीच कामाचा आहे. पण प्रयोगशाळेतली पट्टी आणि भरवशाचा संवेदक यांत बरंच अंतर आहे. पॉलिअ‍ॅनिलीनचा रोध हवेतल्या ओलाव्यानेही बदलतो. रत्नागिरीत जुलैत घेतलेलं वाचन आणि सोलापुरात एप्रिलमध्ये घेतलेलं वाचन यांची तुलना आर्द्रता नोंदवल्याशिवाय करता येत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी तपमान आणि सापेक्ष आर्द्रता लिहा, अमोनियाशिवाय नुसत्या दमट हवेत फिल्म काय करते ते वेगळं मोजा, आणि वायू काढून घेतल्यावर आकडा मूळ जागी यायला किती वेळ लागतो तेही नोंदवा. बहुतेक अहवालांत प्रतिसादाचा वेळ अभिमानाने दिलेला असतो, पूर्वस्थितीला येण्याचा वेळ शोधावा लागतो. स्वतः केलेली पट्टी माणसांच्या सुरक्षेसाठी गजर म्हणून कुठेही लावू नका.

बाकी उपयोग बरेच आहेत. संगणकाच्या मदरबोर्डवरच्या घन कपॅसिटरांत हेच पॉलिमर असतात. ओएलईडी पडद्यांत आणि काही पेरोव्हस्काइट सौरघटांत पेडॉटचा थर धनप्रभार वाहून नेतो. मेंदूचे संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडांवर तो दिला जातो, कारण तो मऊ असतो आणि आयन व इलेक्ट्रॉन दोन्ही वाहतो. सुपरकपॅसिटरचे प्रकल्प आपल्याकडे फार होतात. तिथे एकच विनंती: पहिल्या काही चक्रांची धारकता ठळकपणे देऊन थांबू नका, हजार चक्रांनंतर किती उरली ते द्या. आयन आत-बाहेर करताना फिल्म फुगते आणि आक्रसते, तिला भेगा पडतात, आणि पॉलिअ‍ॅनिलीनची खरी अडचण तीच आहे.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. गाळ गाळून वेगळ्या बाटलीत साठवा, गाळलेल्या आम्लधर्मी पाण्यात अ‍ॅनिलीनचे अंश असतात, म्हणून तेही लेबल लावून विभागाच्या रासायनिक कचऱ्यात द्या. परसल्फेट शिल्लक असलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते.

तयार फिल्म कोरड्या डेसिकेटरमध्ये, अंधारात, आणि अमोनियाच्या बाटल्यांपासून दूर ठेवा. प्रत्येक कृतीतली एक फिल्म मुद्दाम उघड्या टेबलावर राहू द्या आणि दर आठवड्याला तिचा पृष्ठरोध मोजून तारीख, तपमान, आर्द्रता यांसह लिहा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे ते आकडे जसे येतील तसे प्रबंधात द्या. तुमची फिल्म वापरायचं ठरवणारा माणूस आधी तेच पान उघडेल.